वादळ आलं तेव्हा तिथी कोणती होती?

आजचा भाग दोन फॉरवर्डपासून सुरू करते. दोन्ही तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेले असतील. नसतील आले, तर येत्या पावसाळ्यात येतील.

पहिला फॉरवर्ड असा. ६ जून १८८२ ला मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आलं, समुद्र शहरात शिरला आणि एक लाख माणसं मेली. ‘शेअर करा, इतिहास लपवला जातोय’ वगैरे. बऱ्याच वेबसाइटवर, काही पुस्तकांतसुद्धा हा आकडा सापडतो. आता जरा हिशेब करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७ लाख ७३ हजार. म्हणजे दर आठ माणसांतला एक जण एका दिवसात गेला म्हणायचं. आणि तेव्हा मुंबईत इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं छापली जात होती. पुण्यात ‘केसरी’ दीड वर्षाचा झाला होता. लाख माणसं गेली आणि कुणी अग्रलेख लिहिला नाही? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात भारतीय हवामानशास्त्रज्ञही होते, या गोष्टीचा माग काढला. निष्कर्ष असा की हे वादळ झालंच नव्हतं. कुणीतरी लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं तारीख चिकटवली.

दुसरा फॉरवर्ड भविष्यातला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एक नकाशा आला होता, आठवतोय? २०५० सालची मुंबई, आणि जवळजवळ अख्खं शहर रंगवून टाकलेलं. खाली कॅप्शन, ‘मुंबई बुडणार’. हा नकाशा मात्र खोटा नव्हता, त्यामागे नीट अभ्यास होता. फक्त तो जे म्हणत होता आणि आपण जे वाचलं, यात फरक होता. रंगवलेली जमीन म्हणजे तेव्हाच्या भरतीच्या रेषेपेक्षा खाली असलेली जमीन. तिच्यात आणि समुद्रात भिंत आहे का, बांध आहे का, पाणी तिथवर पोचायला वाट आहे का, हे त्या रंगात दिसत नाही. आज घर घेतलं तर २०५० ला हॉलमध्ये मासे, असा त्याचा अर्थ नव्हता.

तर एक फॉरवर्ड न घडलेल्या गोष्टीचा, एक अर्धवट वाचलेल्या गोष्टीचा. दोघांच्या मध्ये खरा प्रश्न राहून जातो. वादळानं समुद्र किती चढू शकतो, आणि तो आपल्या दारात यायची शक्यता किती, हे मोजतात कसं?

मला हा प्रश्न माझ्या आत्यामुळे पडला. आत्याचं सासर अलिबागच्या खारेपाटात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खारेपाट म्हणजे खाडीलगतची अशी जमीन की जिथे मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवलाय आणि आत भात पिकवलाय. बांधात उघाडी असते, म्हणजे असं दार की जे ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला मिटतं. सगळा संसार त्या बांधावर. बांधाला भगदाड पडलं की तिकडे म्हणतात ‘खांड गेली’. एकदा खांड गेली आणि वेळेत बांधली नाही, की खारं पाणी रोज दोनदा शेतात. मग भात संपला. काही वर्षांनी तिथे कांदळवन उभं राहतं.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन चालू होता, मी मुंबईत घरात बसून फोनवर वादळाचा नकाशा बघत होते. हवामान खात्याचा इशारा होता, मुंबई, ठाणे आणि रायगडच्या किनाऱ्यावर ‘खगोलीय भरतीपेक्षा १ ते २ मीटर उंच’ पाणी येऊ शकतं. मी आत्याला फोन लावला आणि हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे गो. आज तीथ कुठली?”

मला वाटलं, बाईला पूजेबिजेचं काही सुचतंय. पण तिनं विचारलेला प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात नेमका प्रश्न होता. कसा, ते सांगते.

आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, बंदराबंदरानुसार फरक पडतो, पण ढोबळ हिशेब चालतो. दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती सगळ्यात उंच आणि ओहोटी सगळ्यात खोल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही.

३ जूनला द्वादशी होती. बाराचे पाऊणपट नऊ. प्रत्यक्षात मुंबईची भरती त्या सकाळी दहाच्या सुमारास होती, चार मीटरच्या थोडी वर. दोन दिवसांवर वटपौर्णिमा, म्हणजे उधाण चढत निघालेलं. आणि वादळ रायगडच्या किनाऱ्याला, श्रीवर्धनच्या परिसरात, लागलं दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. भरती होऊन तीनेक तास झाले होते. पाणी उतरत होतं.

म्हणजे वादळानं समुद्र वर उचलला तो ओहोटीच्या वाटेवर असताना. वादळ जे चढवत होतं, त्यातलं बरंचसं ओहोटी खाऊन टाकत होती. हेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर? किंवा दोन दिवसांनी, वटपौर्णिमेच्या दुपारी?

याला मी योगायोग म्हणते. आणि किनाऱ्यावरच्या पुराची जोखीम मोजायची म्हणजे मुळात हे योगायोग मोजायचे.

आधी वादळ पाणी चढवतं कसं, ते पटकन बघू. दोन कारणं. एक, वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे खालचा समुद्र थोडा फुगतो. एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण एक सेंटीमीटर. चाळीस हेक्टोपास्कलचा खड्डा असेल तर चाळीस सेंटीमीटर. हे फार नाही. खरं काम करतो वारा. तो तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो, आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खालून परत जायला जागा नसते. मग ते किनाऱ्यावर साचतं. लाट येऊन फुटते आणि मागे जाते. हे तसं नाही. इथे पाण्याची अख्खी पातळीच चढते, काही तास चढलेली राहते, आणि लाटा त्या चढलेल्या पातळीवरून येतात.

मुंबईसमोरचा समुद्र किती उथळ आहे माहितीये? बॉम्बे हायची तेलविहिरींची जागा किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, आणि तिथे खोली फक्त ७५ मीटरच्या आसपास. पश्चिम किनाऱ्यावर खंडाचा हा उथळ काठ मुंबई-गुजरातसमोर सगळ्यात रुंद आहे. पाणी साचायला ही चांगलीच सोयीची जागा.

आता दुसरा योगायोग, दिशेचा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर वादळ येऊन धडकलं, की त्याच्या केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. निसर्ग श्रीवर्धनजवळ लागलं. मुंबई त्याच्या उत्तरेला, म्हणजे वारा पाणी बाहेर ढकलतोय त्या बाजूला. दापोली, मंडणगड, हरिहरेश्वर ही दक्षिणेला. त्या भागाचं काय झालं ते सुपारीच्या आडव्या झालेल्या वाड्यांचे फोटो ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. आपण मुंबईकरांनी संध्याकाळी मीम टाकली, ‘वादळ आलंच नाही’. वादळ आलं होतं. सत्तर-ऐंशी किलोमीटर खाली.

पुढच्याच वर्षी तौक्ते. १७ मे २०२१. हे किनाऱ्याला लागलं नाही, समुद्रातूनच उत्तरेला गेलं आणि रात्री दीव-उना भागात धडकलं. तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले, बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडून कित्येक कामगार गेले, आणि गेटवेसमोर समुद्रानं आपलाच कचरा परत आणून टाकला. त्या दिवशी तिथी? पंचमी. पाचाचे पाऊणपट पावणेचार. भरती दुपारी त्याच सुमाराला, वादळ मुंबईसमोर असतानाच. पण अमावास्या मागे पडून भांगाकडे झुकलेली भरती, चार मीटरच्या आत. आठवडाभर आधी असतं तर उधाणावर असतं.

दोन वर्षांत दोन वादळं, आणि दोन्ही वेळा तिथीनं किंवा दिशेनं आपल्याला सोडलं. यातून मुंबई सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढायचा, की दोनदा फासे बरे पडले असा? माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

मग शास्त्रज्ञ हे फासे मोजतात कसे? सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे जुन्या नोंदी. मुंबईत अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. नेदरलँड्सनं हेच केलं. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकत्र आलं, बांध फुटले आणि तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी शंभर वर्षांच्याही आतल्या नोंदी घेतल्या, गणितानं त्या पुढे ताणल्या, आणि ठरवलं की देशाच्या मध्यभागाचं संरक्षण दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पाण्यासाठी करायचं.

पण तिथे वादळं दर हिवाळ्यात येतात, नोंदीत भरपूर सापडतात. आपल्याकडे तसं नाही. तीव्र चक्रीवादळ थेट मुंबईवर आल्याचं अलीकडच्या इतिहासातलं ठळक उदाहरण नोव्हेंबर १९४८ चं. एकदोन ठिपक्यांवरून रेष कशी ओढणार? म्हणून सोबेल वगैरे मंडळींनी दुसरा रस्ता धरला. कॉम्प्युटरमध्ये हजारो कृत्रिम वादळं तयार करायची. समुद्राचं तापमान, वरचे वारे हे खरे, वादळं मात्र कल्पित. ती सोडायची आणि मोजायचं, किती मुंबईपर्यंत आली, किती जोरात. एक लाख मृत्यूंचं ते वादळ खोटं ठरवणारी हीच मंडळी. पण त्यांचं म्हणणं असं नव्हतं की मुंबईला धोका नाही. अशी वादळं दुर्मीळ आहेत, अशक्य नाहीत, असं ते म्हणतात.

आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांबद्दल जरा बोलू, कारण बिल्डरपासून मंत्र्यांपर्यंत सगळे ते वापरतात. त्याचा अर्थ ‘गेल्या वर्षी आलं, आता ९९ वर्षं निवांत’ असा नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, इतकाच अर्थ आहे. तुम्ही वीस वर्षांचं होमलोन काढलंत, तर हप्ते फिटायच्या आत ते पाणी एकदा तरी यायची शक्यता १८ टक्के. तीस वर्षांचं काढलंत तर २६. लोन मंजूर करताना बँक तुमचा पगार बघते, गाडी बघते, पण तळमजल्याची जमिनीपासूनची उंची विचारताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

आणि हा एक टक्का स्थिर नाही. इथे हवामानबदल येतो, दोन दारांनी.

एक दार वादळांचं. पुण्याच्या आयआयटीएममधल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात उलट थोडी कमी झाली. अरबी समुद्र आधी तुलनेनं थंड होता, तो तापतोय.

दुसरं दार खुद्द समुद्राच्या पातळीचं. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. शतकाच्या शेवटी आणखी किती? आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात, उत्सर्जन झपाट्यानं कमी केलं तर साधारण २८ ते ५५ सेंटीमीटर, बेलगाम वाढवलं तर ६३ सेंटीमीटर ते एक मीटर. लोक म्हणतात, अर्धा मीटर म्हणजे गुडघाभर, त्यात काय? इथेच गंमत आहे. मी कागदावर एक ढोबळ हिशेब मांडला. समजा उधाणाच्या दिवशी पाणी अर्ध्या मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत खाली-वर होतं. साडेतीन मीटरच्या वर ते प्रत्येक भरतीला किती वेळ असतं? साधारण चार तास. आता सगळा समुद्र अर्धा मीटरनं उचला. तोच वेळ होतो सव्वापाच तास. म्हणजे वादळ ‘चुकीच्या वेळी’ यायची खिडकी तासाभरानं रुंद झाली. निसर्ग ओहोटीत सापडलं म्हणून आपण वाचलो ना? ती ओहोटीची जागाच आखडत जाते.

आयपीसीसीचं वाक्य त्यामुळेच इतकं बोचतं. आज शतकातून एकदा येणारी समुद्राची पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून जास्त भरतीमापकांवर दरवर्षी दिसेल, असा त्यांचा अंदाज आहे.

एक किचकट गोष्ट राहिली, पण ती ऐकाच, कारण सगळे आकडे तिथे घसरतात. शून्य कुठे आहे? पेपरात ‘आज ४.६ मीटरची भरती’ येतं, ते मोजलं जातं जवळजवळ सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीपासून. फोनमधलं मॅप तुमच्या घराची उंची दाखवतं सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.६ ची भरती मॅपच्या भाषेत २.१. आणि महापालिकेच्या नाल्यांच्या नकाशांत तिसरंच शून्य, टाऊन हॉल डेटम. तीन शून्यं असलेलं शहर! त्यात उपग्रहानं मोजलेली उंची दाट वस्तीत छपरांची आणि झाडांची असते, जमिनीची नाही, त्यामुळे कित्येक मीटरची चूक सहज होते. २०१९ चा तो नकाशा मुळात हीच चूक दुरुस्त करायला केला होता.

आता शब्दांकडे येते. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये हैयान वादळ आलं. इशारा वेळेत दिला होता, ‘स्टॉर्म सर्ज’ येणार म्हणून. ताक्लोबान शहरात पाणी कित्येक फूट चढलं. देशभरात सहा हजारांवर माणसं गेली. वाचलेले लोक नंतर सांगत होते, आम्हाला तो शब्दच कळला नाही. ‘त्सुनामीसारखं पाणी येईल’ म्हटलं असतं तर पळालो असतो.

आणि आपल्याकडे? ‘खगोलीय भरतीपेक्षा १ ते २ मीटर उंच’. हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मिळून हे आकडे काढतात, आणि आकडे चांगले असतात. पण माझ्या आत्याला, कोळीवाड्यातल्या मावशीला, वर्सोव्यात पेइंग गेस्ट राहणाऱ्या तुम्हाला त्यातून काय कळतं? ‘वादळी उधाण’ म्हणा. आणि पुढे लिहा, ‘दुपारी अमुक वाजता, अमक्या देवळाच्या पायरीपर्यंत’. उधाणाचं पाणी कुठल्या पायरीला लागतं हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. त्याच्या वर दोन मीटर म्हणजे कुठे, हे गाव स्वतः दाखवून देईल.

नंतर मी आत्याकडे गेले तेव्हा तिच्या दिरांना विचारलं, निसर्गच्या दिवशी बांधाचं काय झालं. ते मला बांधावर घेऊन गेले. पाणी वरून आलं नव्हतं, पण लाटांनी बाहेरची माती खाल्ली होती. पूर्वी गावं एकत्र येऊन, वर्गणी आणि अंगमेहनत घालून बांध राखायची. आता बरेच जण कंपनीत आणि मुंबईत, डागडुजीसाठी सरकारकडे डोळे. मी विचारलं, बांध किती उंच हवा? ते हसले. म्हणाले, “आज्यानं बांधला तेव्हा मोठ्या उधाणाच्या वर हातभर ठेवला होता. तो हातभर आता इतभर ऱ्हायलाय.” त्यांनी मोजपट्टी वापरली नव्हती. बांध खचला किती आणि समुद्र चढला किती, हे वेगळं करून त्यांना सांगता येत नव्हतं. मलाही नाही. पण वरचं माप दोघांनाही दिसत होतं.

मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा वादळाची बातमी आली, की तीन गोष्टी बघा. केंद्र तुमच्या उत्तरेला लागणार की दक्षिणेला. लागायची वेळ काय. आणि त्या दिवशी तिथी कोणती. उत्तर ‘उत्तरेला, दुपारी बाराला, पौर्णिमा’ असं आलं, तर मीम नंतर करा, आधी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना वर बोलवा.

तुमच्या गावात मोठ्या उधाणाचं पाणी कुठवर येतं, त्या पायरीचा, भिंतीचा, झाडाचा फोटो पाठवा. सोबत तारीख लिहा. आणि तिथीही.